बत्ताशीचे बिऱ्हाड

उंदीर हा शब्द कानावर पडताच गृहिणीचा हात आपोआप केरसुणीकडे जातो, आणि त्यात तिचा काही दोष नाही. धान्याच्या पोत्याला भोक, ठेवणीतल्या लुगड्याला भोक, मुलांच्या वह्यांना भोक, अशी ज्याची कीर्ती, त्याला पाटपाणी कोण करील? आपल्या म्हणींनीही बिचाऱ्याला मोठेपणा असा कधी दिला नाही. एवढा डोंगर पोखरून निघायचे काय, तर उंदीर! खेळ व्हायचा मांजराचा आणि जीव जायचा तो याचा. आणि तरीही याच प्राण्याला आपण गणपतीच्या पायाशी मानाची जागा दिली आहे. आमच्या जिल्ह्यात भीमेकाठी सिद्धटेकचा सिद्धिविनायक आहे, शहरात माळीवाड्याचा विशाल गणपती आहे. गणपतीच्या देवळात देवापुढच्या उंदराच्या कानाशी तोंड नेऊन मनातली इच्छा हळूच सांगणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. तीच माणसे घरी परत आल्यावर सापळ्याला भाकरीचा तुकडा लावतात.

आमचेही घर याच रीतीचे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी बोलताना आम्ही अजून ‘नगर’च म्हणतो, त्या नगरच्या सावेडी भागात आमचे बिऱ्हाड. घरात आम्ही दोघे, सासूबाई, नववीतली थोरली आणि तिसरीतला धाकटा. कुत्रे पाळायला जागा नाही, मांजर पाळायला सासूबाईंची ना नाही पण शेजारणीची आहे, आणि पोपट पिंजऱ्यात कोंडणे हा तर कायद्यानेच गुन्हा. तेव्हा थोरलीने पुष्कळ वाचून, वहीत टिपणे काढून, एके दिवशी आमच्यापुढे मागणी मांडली की आपण दोन पांढरे उंदीर आणू या.

“अगं, ज्याला सापळा लावायचा, त्याला आता पाळणा बांधणार का?” सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यामागे नुसता तिटकारा नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि मग साऱ्या दख्खनभर हिंडला. ‘घरात उंदीर पडला’ एवढे तीन शब्द ऐकताच भरले घर तसेच टाकून माणसे गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत. सासूबाईंनी त्या हकिकती त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या. अशी भीती घराण्यात तीन पिढ्या उतरलेली असली, म्हणजे ती हसून उडवून देण्याजोगी नसते. म्हणून पहिले काम केले ते हे की आणायचा प्राणी नेमका कोण, याची नीट माहिती करून घेतली.

हा पांढरा कोण?

आपल्या भाषेत ‘उंदीर’ या एकाच शब्दात बरीच मंडळी कोंबलेली आहेत. प्लेगच्या काळात छपरावरून पडत, तो काळा उंदीर अंगाने मोठा आणि जातीने निराळा. घूस निराळी. चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. पाळायचा पांढरा उंदीर हा आपल्या स्वयंपाकघरात रात्री खुडबुड करणाऱ्या करड्या, बोटभर उंदराचा सख्खा जातभाई. दोघांची जात एक, हाडे एक, दात एक. फरक एवढाच की अंगात काळा रंग तयार करायला जे एक द्रव्य लागते, ते बनवण्याची किल्ली याच्याजवळ बिघडलेली असते. म्हणून केस पांढरे, कान नि शेपूट गुलाबी, आणि डोळ्यांत रंगाचा पडदाच नसल्यामुळे आतल्या रक्तवाहिन्या दिसून डोळे माणकासारखे लाल.

ही बिघडलेली किल्ली आईकडून आणि बापाकडून, अशी दोहोंकडून आली तरच पिल्लू पांढरे होते. करडा आणि पांढरा यांची जोडी लावली तर पहिली पिढी सगळी करडी निघते. त्या पिढीची आपसांत जोडी लावली की सरासरीने चारांत एक पांढरे. मेंडेलने वाटाण्यावर जो नियम शोधला तो प्राण्यांनाही लागू आहे, हे फ्रान्समध्ये क्यूएनो या शास्त्रज्ञाने १९०२ साली दाखवले, ते असेच करडे आणि पांढरे उंदीर घेऊन. पुढे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी आपल्या बहिणीच्या आणि एका मित्राच्या साथीने उंदीर पाळून, त्यांच्या रंगाचे दोन गुण एकमेकांना बांधल्यासारखे पुढच्या पिढीत उतरतात, हे १९१५ साली प्रसिद्ध केले. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांनी देह ठेवला. भावाबहिणींनी मिळून उंदीर पाळण्यातून असेही काही निघू शकते, हे थोरलीने वडिलांना ऐकवले आणि परवानगी मिळवली.

मात्र सौंदर्याला किंमत पडते. डोळ्यांत रंग नसल्यामुळे या प्राण्याला उजेड सोसत नाही, प्रखर प्रकाशाने त्याचे नेत्रपटल कायमचे खराब होते. त्याची दृष्टी मुळातच अधू. त्याचे जग वासाचे, आवाजाचे आणि मिशांच्या स्पर्शाचे. म्हणून त्याचे घर खिडकीत किंवा दिव्याखाली कधीही ठेवू नये.

बिऱ्हाडाची मांडणी

दोघींसाठी आम्ही दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद अशी काचेची पेटी घेतली आणि वर बारीक जाळीचे झाकण करून घेतले. तारांचा पिंजरा घ्यायचा असेल तर दोन तारांतले अंतर पेन्सिलीच्या जाडीपेक्षा जास्त नसावे. जिथे डोके शिरते तिथून अख्खा उंदीर निघतो. प्लॅस्टिकच्या बंद डब्याला चार भोके पाडून काम भागत नाही. मूत्राचा उग्र वायू आत कोंडला की यांच्या फुफ्फुसांचे दुखणे सुरू होते.

तळाला चार बोटे जाड मऊ थर हवा. छापील शाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि कोरडे, स्वच्छ गवत उत्तम. वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये; देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तर मुळीच नको, कारण त्या सुवासाचाच यांना त्रास होतो.

सामानसुमान बाजारातून आणायची फारशी गरज नाही. नारळाच्या करवंटीला एक भोक पाडले की झाले घर. संक्रांतीच्या सुगडांतली आणि दिवाळीच्या बोळक्यांतली न रंगवलेली दोन-चार आडवी ठेवली की झाल्या खोल्या. पुठ्ठ्याची नळी म्हणजे बोगदा. एक चाक मात्र अवश्य घ्यावे. ते वीतभर व्यासाचे आणि सलग पृष्ठभागाचे असावे, कारण गजांच्या चाकात शेपूट किंवा पाय अडकून मोडतो. रात्री नऊला आमच्या घरातले दिवे मंद झाले की या चाकाची गिरण सुरू होते ती पहाटेपर्यंत.

स्वच्छतेचा नियम असा की ओला कोपरा रोज काढावा आणि सगळी पेटी आठवड्यातून एकदा धुवावी. पण धुतल्यावर जुन्या घरट्यातले मूठभर कोरडे गवत परत आत ठेवावे. वास हीच यांची घराची पाटी. ती पुसून टाकली की परक्या गावात आल्यासारखे ते बावरतात. फिनेल, डांबरगोळ्या, उदबत्ती, धूप आणि डासांची औषधे या पेटीपासून दूर.

पानात काय वाढावे?

एका उंदराचे वजन पंचवीस ते पस्तीस ग्रॅम आणि दिवसाचे जेवण चार-पाच ग्रॅम. दोघींना मिळून महिन्याला तीनशे ग्रॅम धान्य पुरते, तेव्हा खर्चाची तक्रार कोणी करू नये. पाळीव उंदरांसाठी तयार गोळ्या मिळतात. त्यात सगळी द्रव्ये प्रमाणात असतात, म्हणून मुख्य अन्न तेच ठेवावे. जोडीला आमच्याकडची ज्वारी, बाजरी, गहू, थोडे ओट. आठवड्यातून दोनदा हरभऱ्याच्या दाण्याएवढे उकडलेले अंडे किंवा शिजवलेली डाळ. गाजर, काकडी, मेथीचे पान हे नखाएवढे. सूर्यफुलाचे बी म्हणजे यांचा पेढा. रोज दिला तर अंगावर चरबी चढते.

काय देऊ नये याची यादी दिवाळीत विशेष लक्षात ठेवावी. चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, लाडू, चॉकलेट, कांदा, लसूण यांतले काहीही नको. “एवढीशी चकली दिली तर काय होते?” असे पाहुण्यांची मुले हटकून विचारतात. ज्याचे सबंध शरीर तीस ग्रॅमचे, त्याला दोन ग्रॅमची चकली म्हणजे आपल्याला एका बैठकीत चार किलो फराळ, हा हिशेब धाकटा आता पाहुण्यांना तोंडपाठ सांगतो. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि धान्य तर विषच. जे आपण निवडून टाकतो ते यांना घालायचे नसते.

पाणी नळीच्या बाटलीतून द्यावे, आणि नळीतून थेंब येतो की नाही हे रोज बोटाने तपासावे. बाटली भरलेली दिसते, नळी मात्र तुंबलेली असते, आणि आत प्राणी तहानलेला राहतो. दातांची वाढ जन्मभर चालू असते, म्हणून कुरतडायला करवंटीचा तुकडा आणि रंग न दिलेले लाकूड हवे.

बाळंतपण

उंदीर एकटा पाळू नये, तो संगतीचा प्राणी आहे. दोन नर एकत्र ठेवले तर बहुधा रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि नर-मादी ठेवले तर काय होते ते सांगायला नकोच. म्हणून दोन बहिणी आणणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. आम्ही तेच मागितले. एका दुकानदाराने “सहा आठवड्यांच्या दोघी बहिणी” म्हणून आम्हाला दिल्या. खरोखरच दोघी माद्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या प्रसादावरून एकीचे नाव बत्ताशी ठेवले, दुसरीचे रेवडी. पण दुकानात त्यांना नरांबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवले होते, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. ती कळली घरी आणल्यापासून बाराव्या दिवशी पहाटे, जेव्हा करवंटीतून बारीक चूंचूं ऐकू आली.

उंदराचे गर्भारपण एकोणीस ते एकवीस दिवसांचे. बत्ताशीला आठ पिल्ले झाली. सोललेल्या शेंगदाण्याहून थोडी मोठी, वजनाने जेमतेम दीड ग्रॅम, उघडीवाघडी, आंधळी, बहिरी. कातडी इतकी पातळ की पोटात गेलेले दूध बाहेरून पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते. तो ठिपका दिसला म्हणजे बाळ दूध प्याले असे समजावे. रेवडी मावशीच्या नात्याने पिल्लांवर ऊब धरून बसे आणि बत्ताशी तेवढ्यात चार दाणे खाऊन येई.

आणि इथे एक नवल घडले. आजवर पेटीकडे पाठ करून बसणाऱ्या सासूबाईंनी विचारले, “बाळंतिणीला काय देता गं?” थोरलीने सांगितले की उकडलेले अंडे थोडे वाढवायचे आणि पाणी भरपूर. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून दूरचित्रवाणीचा आवाज कमी झाला आणि त्या खोलीत मोठ्याने बोलणाऱ्याला दटावणे सुरू झाले. बाळंतिणीच्या खोलीला शांतता लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आणि ते खरेच आहे. पहिला आठवडाभर घरटे हलवू नये, पिल्लांना हात लावू नये. आई घाबरली तर पिल्ले खाऊन टाकते.

चौथ्या दिवसापासून अंगावर लव दिसू लागते, दहाव्या दिवशी पांढरे अंगरखे पूर्ण होतात, चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. मग आठवडाभर ती नुसती पॉपकॉर्नसारखी उडत असतात. एकविसाव्या दिवशी दूध तुटते. आणि पाहता पाहता, सहाव्या आठवड्याला तीच पिल्ले स्वतः संसाराला योग्य होतात!

म्हणूनच चौथा आठवडा संपण्यापूर्वी नर वेगळे करायचे असतात. नऊ-दहा दिवसांच्या पिल्लांत मादीच्या पोटावर स्तनांचे ठिपके स्पष्ट दिसतात, नरात दिसत नाहीत. थोरलीने भिंग घेऊन एकेक पाहिले: पाच नर, तीन माद्या.

वेगळे केले नसते तर काय झाले असते? सतराव्या शतकातल्या ‘जिन्कोकी’ या जपानी गणिताच्या पुस्तकात एक गमतीचे उदाहरण आहे. वर्षारंभी एका जोडीला बारा पिल्ले झाली, सहा नर नि सहा माद्या. पुढल्या महिन्यात या सर्व सात जोड्यांना प्रत्येकी बारा. असे बारा महिने चालले तर वर्षाअखेर किती? उत्तर आहे २,७६८ कोटी २५ लाख ७४ हजार ४०२. खऱ्या उंदरांना इतकी घाई नसते. पण मादीला बाळंत झाल्याच्या दिवशीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, हे ध्यानात घेतले की त्या जपानी पंतोजींचा मुद्दा पटतो.

पण आमच्यापुढचा प्रश्न पुस्तकातला नव्हता. पाच नरांचे करायचे काय? राहुरीकडचे आमचे एक नातेवाईक म्हणाले, “आणा इकडे, उसात सोडून देऊ.” सूचना प्रेमाची होती, पण ती मानणे म्हणजे हाताने मारण्यासारखेच. काळ्या मातीवर पांढरा उंदीर चांदण्यातही लख्ख दिसतो. घुबड, साप, मुंगूस, मांजर यांतले कोणीतरी पहिल्या रात्रीच येणार, आणि हा तर अधू दृष्टीचा, भक्ष्य शोधणे ठाऊक नसलेला, लपणे न शिकलेला. शेकडो पिढ्या माणसाच्या पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्याला मोकळे सोडणे ही मुक्तता नव्हे. दुकानात परत द्यावे, तर पुन्हा तोच एकत्र पिंजरा.

शेवटी थोरलीच्या ओळखीच्या एका शिक्षक दांपत्याने दोन भाऊ नेले. ते जन्मापासून एकत्र होते आणि जवळ मादी नव्हती, म्हणून त्यांचे जमले. उरलेल्या तिघांत मात्र पाचव्या आठवड्यालाच हाणामारी जुंपली. मग तिघांना तीन वेगळ्या पेट्या. तीन पेट्या म्हणजे तीन बाटल्या, तीन चाके, तीन धुलाया, आणि ते एक-दोन महिने नव्हे, दोन वर्षे. नरांच्या मूत्राचा दर्प जास्त, त्यामुळे साफसफाईही जास्त. ते काम थोरलीने परीक्षेच्या दिवसांतही चुकवले नाही, हे मी आई म्हणून अभिमानाने नमूद करते.

माणसाळवण्याची विद्या

उंदराला शेपटीला धरून उचलू नये. इंग्लंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की शेपटीने उचललेले उंदीर माणसाला भीत राहतात, आणि ओंजळीत किंवा नळीतून उचललेले आपण होऊन जवळ येतात. म्हणून आधी चार दिवस नुसता हात पेटीत ठेवावा. मग तळहातावर एक दाणा. मग ओंजळ. घाई केली की सगळे पहिल्यापासून.

या विद्येचा मोठा दाखला आमच्या नगरच्या किल्ल्यातलाच आहे. १९४२ साली ‘चले जाव’च्या वेळी काँग्रेसच्या पुढाऱ्यांना त्या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली, आणि त्यांत एक हकिकत आहे ती त्यांच्या खोलीतल्या चिमण्यांची. चिमण्यांनी छतात घरटी मांडली, काडीकचरा खाली पडू लागला, म्हणून मौलानांनी आधी त्यांच्याशी चक्क युद्ध पुकारले. चिमण्या हटेनात. तेव्हा त्यांनी शस्त्रे खाली ठेवली, तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली, आणि रोज दाण्यांची जागा थोडी थोडी जवळ आणली. असे करता करता चिमण्या त्यांच्या तळहातावर येऊन बसू लागल्या. एवढा मोठा विद्वान, बाहेर देश पेटलेला, आणि हा माणूस तळहात पसरून न हलता बसला आहे! सासूबाईंना मी ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “आधी काठी, मग दाणा. माझेही तसेच झाले म्हणायचे.”

नगरचा उन्हाळा आणि दिवाळीचा धूमधडाका

या प्राण्याला वीस ते चोवीस अंशांची हवा मानवते, आणि नगरचा एप्रिल-मे चाळिशी गाठतो. उंदराला घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो आणि अंगाला लाळ फासतो, पण तेवढ्याने भागत नाही. उन्हाळ्यात पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवावी. वर ओले फडके नव्हे, शेजारी ओले फडके. वर टाकले तर हवा कोंडते. मातीची बोळकी अशा वेळी कामाला येतात. पंख्याचा झोत सरळ अंगावर नको. प्राणी आडवा पसरून धापा टाकू लागला तर थंड जागी न्यावे, पाय आणि शेपूट साध्या पाण्याने ओले करावे. बर्फाचे पाणी कधीही नको. डिसेंबर-जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री गवत दुप्पट घालावे, ते आपली रजई आपण विणून घेतात.

दिवाळीचा धोका निराळा. आपल्याला ऐकू येत नाहीत असे अतिशय उंच स्वर उंदीर ऐकतात. त्यांचे आपसांतले बोलणेही त्याच स्वरांत चालते. अशा कानांना फटाक्यांची माळ कशी लागत असेल याची कल्पना करावी. आम्ही धनत्रयोदशीलाच पेट्या आतल्या खोलीत नेतो, रस्त्याकडच्या खिडक्या लावतो, घरट्यांत जादा गवत घालतो. धूर आत येऊ देत नाही, पणत्या त्या खोलीत लावत नाही. पेट्या आल्यापासून धाकट्याने दारातले मोठे आवाजाचे फटाके आपण होऊन सोडून दिले आहेत. आम्ही वर्षानुवर्षे सांगून जे झाले नव्हते, ते तीस ग्रॅमच्या बत्ताशीने केले.

दुखणेखुपणे

उंदीर दुखणे लपवतो, कारण रानात आजारी दिसणारा आधी मारला जातो. म्हणून काट्यावर विश्वास ठेवावा. सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा हल्ली सहज मिळतो; दर रविवारी वजन करून वहीत लिहावे. वजन उतरणे, केस पिंजारणे, पाठ कुबडी होणे, श्वासाबरोबर टिकटिक आवाज येणे, ही चिन्हे दिसताच डॉक्टर गाठावा. आमच्या भागात जनावरांचे डॉक्टर गाईम्हशींत वाकबगार. पण आधी विचारून ठेवले तर लहान प्राणी बघणारे मिळतात.

माणसांनीही जपावे. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, पेटी स्वयंपाकघरात नसावी. उंदरांच्या मूत्रातल्या द्रव्याने काहींना दमा आणि शिंका सुरू होतात. घरात दमेकरी असेल तर हा बेत सोडून द्यावा. घरी कोणी गरोदर असेल तर तिने पेटी साफ करू नये, कारण उंदरांमार्फत येणारा एक विषाणू गर्भाला घातक ठरतो. आणि घरातले करडे उंदीर पेटीजवळ फिरकू देऊ नयेत. रोगाची देवाणघेवाण तिथूनच होते.

त्या करड्यांचे आम्ही काय करतो, असे पुष्कळ जणी विचारतात. पीठ डब्यात, भोके बुजवलेली, ओट्यावर रात्री एक कणही नाही, आणि तरी आला तर साधा पिंजऱ्याचा सापळा. विष मात्र आमच्याकडे बंद झाले. पांढऱ्याला दाणा आणि करड्याला विष, आणि दोघे एकाच जातीचे, हे धाकट्याच्या पचनी पडेना. आणि खरे सांगायचे तर मलाही त्याला पटेल असे उत्तर सुचेना.

एक जुने ऋण

पांढऱ्या उंदराविषयी लिहिताना एक गोष्ट सांगितली नाही तर कृतघ्नपणा होईल. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डला फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ पांढऱ्या उंदरांना प्राणघातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेनिसिलिन मिळालेले चौघे जिवंत होते, न मिळालेले चारही मेले होते. त्या सकाळपासून न्यूमोनियाने नि जखमांच्या विषाराने मरणारी किती माणसे वाचली, त्याची गणती नाही. आमच्या शेजारच्या पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा विषाणू तिथल्या शास्त्रज्ञांनी हुडकून काढला, तोही या पांढऱ्या उंदरांच्या आधाराने. ज्या प्राण्याच्या भावाला आपण रोगाचे मूळ म्हणून भ्यालो, त्यानेच औषधाची वाट दाखवली.

दोन वर्षांचा पाहुणा

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. उंदराचे आयुष्य दीड ते अडीच वर्षांचे. बाविसाव्या महिन्यात बत्ताशीच्या काखेजवळ गाठ आली. वयस्क माद्यांत ती पुष्कळदा येते. डॉक्टरांनी तिला तळहातावर घेऊन शांतपणे तपासले आणि सांगितले की या वयात भूल सोसणार नाही. तिला ऊब द्या, मऊ अन्न द्या. सासूबाईंनी ज्वारीची पेज स्वतः केली आणि चमच्याच्या टोकाने पाजली. तीन आठवड्यांनी, दुपारी, रेवडीच्या अंगाला टेकून बत्ताशी गेली. अंगणातल्या जास्वंदीखाली मुलांनी खड्डा केला. धाकट्याने विचारले, “इतकी छोटी होती, मग इतके रडू का येते?” त्याला कोणी उत्तर दिले नाही, सासूबाईंनी फक्त त्याला जवळ ओढून घेतले.

मुलांना हा वियोग दाखवावा की नाही, याविषयी मतभेद असू शकतील. माझे मत असे की घरातला पहिला मृत्यू आजीआजोबांचाच पाहावा लागण्यापेक्षा, ज्याची सेवा आपल्या हातून पुरी झाली अशा लहान जिवाचा पाहिला, तर मूल पुढे अधिक धीराने उभे राहते. मात्र सेवा पुरी झालेली हवी.

म्हणून या दिवाळीत मुलांनी हट्ट धरलाच, तर दुकानात जाण्यापूर्वी चार प्रश्न घरातच विचारावेत. दोन वर्षे, एकही दिवस न चुकता, पाणी कोण बघणार? मे महिन्यात घरातली थंड खोली कोणती? सुटीत गावी गेलो तर मागे कोणाला सांगून जाणार? आणि आलेली मादी गाभण निघाली, तर तिच्या लेकरांना आपल्याकडे जागा आहे का? चारही उत्तरे घरच्यांनी एकमताने दिली, तर खुशाल आणा. एखादे जरी अडले, तर मुलांना घेऊन अंगणात किंवा गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवा, तळहातावर चार दाणे घ्या आणि न हलता बसायला शिका. तेही काही कमी शिक्षण नव्हे.